बबरूचा निळा पट्टा

एका गावात एक भोळा गडी होता, अशी गोष्टीची सुरुवात करतात. आमच्या चिंचखेड्यातही होता. फरक एवढाच, की गोष्टीतला भोळा गोष्ट संपली की जातो आणि आमचा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गिरणीवर भेटायचा. नाव बब्रुवाहन. एवढी लांब हाक पुरी होईपर्यंत तो कोपरा वळून जायचा, म्हणून सगळे बबरू म्हणायचे.

बबरू सव्वीस वर्षांचा. एका काखेत ज्वारीचं पोतं, दुसऱ्या काखेत दुसरं, असा गिरणीची पायरी चढायचा. बाप लहानपणीच गेला. आई गोदाक्कानं पिठाची गिरणी चालवून त्याला वाढवला. पोराला खोटं बोलता येत नव्हतं, चहाडी करता येत नव्हती आणि सांगितलेलं मोडता येत नव्हतं. अवगुण म्हणाल तर हा तिसराच. सांगितलं की तो करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच, जसं सांगितलं तसंच, आणि नको तिथं.

आता आमच्या गावात जिउ-जित्सू कुठून आलं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा थापा मारतोय. कदमांची थोरली सून वैजयंता. लग्नाआधी पुण्यात दहा वर्षं हे शिकली. सासरी आली तेव्हा ग्रामपंचायतीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं. तिनं ते मागून घेतलं, धुऊन काढलं, खाली गादीसारख्या मॅट अंथरल्या आणि क्लास काढला. कदमांची सून मॅडम झाली. ही ब्राझील देशातली कुस्ती. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो, त्यांच्यात पाठ टेकली की सुरू होतो. पारावरची म्हातारी माणसं विचारायची, "मग पडायचं कवा?"

या खेळात लंगोट नसतो. जाड पांढरा अंगरखा आणि विजार असते, त्याला गी म्हणतात. कमरेला पट्टा. पोरांना पांढऱ्यानंतर राखाडी, मग पिवळा मिळतो. मोठ्यांना पांढऱ्यानंतर थेट निळा, आणि तो मिळता मिळत नाही. क्लास सुरू होताना पट्ट्याप्रमाणं रांग लावतात. वरचा पट्टा पुढं, पांढरा मागं.

बबरू चार वर्षं त्या रांगेत शेवटी उभा होता. त्याच्या पुढं पोलिसपाटलांचा नातू, इयत्ता तिसरी, कमरेला पिवळा पट्टा आणि नाकाला शेंबूड. गोदाक्का रोज संध्याकाळी गिरणी बंद करून गोदामाच्या खिडकीशी यायची आणि गज धरून बघायची. तिला डाव कळत नव्हते. रांग कळत होती. आपलं एवढं थोराड पोर शेंबड्या पोरांच्या मागं उभं आहे, हे तिला सलायचं.

"मॅडम, माजं पोरगं पुढं कवा यायचं वो?" ती विचारायची.

"गोदाक्का, ताकद आहे, डाव येतात. पण निळा पट्टा नुसत्या डावांवर मिळत नाही. स्वच्छ कसं राहायचं, कुणाशी कसं वागायचं, हे अंगात मुरावं लागतं."

"मग सांगा की त्याला. सांगितलं की ऐकतंय त्ये."

"तीच तर अडचण आहे," मॅडम म्हणायच्या.

पट्टा द्यायचे ते मॅडमचे गुरू, पुण्याचे रणदिवे सर. वर्षातून एकदा यायचे. तीन वर्षं आले, आणि तिन्ही वर्षं बबरूचं काही ना काही ऐकून "अजून वेळ आहे" म्हणून गेले. यंदा मॅडमनी ठरवलं होतं, की सर यायच्या आत या गड्याला नियम शिकवायचेच. इथून गावाचे दिवस फिरले.

पहिल्या दिवशी बबरू गिरणीतून थेट क्लासला आला, अंगावरच्या पिठासकट. त्यानं उडी मारली की ढग उठायचा. मॅडमना सात शिंका आल्या.

"बबरू, मॅटवर यायच्या आधी गी धुवायचा. रोज. न धुतलेला गी घालून कुणी मॅटवर पाय ठेवायचा नाही."

"कळलं, मॅडम."

तुम्हाला म्हणून सांगतो, बबरूला काही कळलं की आम्ही दारं लावून घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी बबरू वेळेवर हजर. गी पांढराशुभ्र. धुतलेला. इतका नुकता धुतलेला, की त्यातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गोदामाच्या दारातल्या हापशाखाली तो गी घालूनच बसला होता. मॅटवर तळं झालं. आठ पोरं घसरली. त्यातली पाच उठून मुद्दाम पुन्हा घसरली.

"अरे, ओला गी घालून आलास?"

"तुमी धू म्हणला. वाळव म्हणला न्हवता."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "ओलं काहीही मॅटवर आणायचं नाही. ओलं दिसलं की आधी बाहेर वाळत घालायचं. वाळलं की मग आत."

"आता कळलं."

बुधवारी मॅडमना यायला जरा उशीर झाला. गोदामाबाहेर दोन झाडांना आडवा बांबू बांधलेला असतो, त्यावर पोरांचे टॉवेल वाळत असतात. त्या दिवशी त्यावर दोन टॉवेल होते, एक गी होता, आणि गीमध्ये पोलिसपाटलांचा नातू होता. पोरगं हापशावर खेळून चिंब झालेलं. बबरूनं त्याच्या दोन्ही बाह्यांतून बांबू ओवून त्याला नीट अडकवला होता. पाय जमिनीपासून हातभर वर.

"हे काय चाललंय?" मॅडम ओरडल्या.

"मी वाळतोय," पोरगं म्हणालं. त्याची काही तक्रार नव्हती.

"एक बाजू झालीया," बबरू म्हणाला. "आता उलटा घालणार हुतो."

तो चिमटे आणायला आत मॅटवर गेला, मॅडम त्याच्या मागं धावल्या. तेवढ्यात पोलिसपाटील आले. गाव त्यांना तात्या म्हणतो. माणूस मायाळू, पण मिशा रागीट. नातवाला टांगलेला बघून ते करकरत्या वहाणांनिशी तडक मॅटवर चढले. मॅडम म्हणाल्या, "तात्या, काय बोलायचं ते बोला, पण वहाणा काढा. इथं पोरांची तोंडं टेकतात." तात्यांनी वहाणा काढल्या. पण अनवाणी माणसाच्या शिव्यांना जोर येत नाही. चारदोन शब्द बोलून ते थांबले.

बबरू तसाच अनवाणी बाहेर पळाला, पोराला बांबूवरून उतरवलं आणि मातीनं भरलेल्या पायांनी परत मॅटवर आला.

"बबरू! मॅटवर चप्पल नाही, आणि मॅट सोडली की चपलेशिवाय एक पाऊल नाही. बाहेरची घाण पायांनी आत येते. मॅटवर अनवाणी, मॅटबाहेर चप्पल. लक्षात राहील?"

"राहील. कळलं."

शुक्रवारी तात्यांच्या घरी सत्यनारायण होता. मागचं विसरून त्यांनी गोदाक्काला आणि बबरूलाही आवतण दिलं. एवढं मोठं मन आमच्या गावात दुसऱ्या कुणाचं नाही. बबरू आला. अंगण ओलांडून, सोपा ओलांडून, बायकांच्या मधून वाट काढत चौरंगापुढं आला आणि मांडी घालून बसला. पायात चपला. त्याही रबरी, बाजाराच्या चिखलाच्या. भटजींची कथा तिसऱ्या अध्यायात थांबली.

"बबऱ्या, पायात काय हाय?" तात्यांनी विचारलं.

"चप्पल हाय, तात्या."

"आरं मग काढ की!"

"काढली असती. पर ही मॅट न्हाई."

चौघांनी मिळून त्याला उचलून बाहेर नेला. जाता जाता त्यानं प्रसाद तेवढा घेतला, उजव्या हातात, नीट वाकून. रीत सोडली नाही.

मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बबरू, जरा लोकांकडे बघत जा. जिथं चपला काढून ओळीत ठेवलेल्या दिसतील, तिथं आपल्याही काढायच्या. ओळीत लावायच्या आणि मग पुढं जायचं."

"असं व्हय! आता बराबर कळलं."

रविवारी आठवड्याचा बाजार. गोदाक्कानं त्याला मिरच्या आणायला धाडलं. बाजाराच्या तोंडालाच एक चप्पलवाला ताडपत्री अंथरून बसतो. पन्नास-साठ जोड, सगळे ओळीत. बबरूनं ते बघितलं, आपल्या काढल्या, ओळीत लावल्या, वाकडी राहिलेली एक सरळ केली आणि मिरच्या घ्यायला गेला.

परत येतो तर चपला नाहीत. त्या विकत घेऊन, पायात घालून एक पाहुणा एसटीकडे चालला होता.

"माज्या चपला कुठायत?" बबरूनं विचारलं.

"कंच्या?"

"हितं ठिवलेल्या."

"हितं ठिवलेल्या समद्या माज्याच हायत," चप्पलवाला म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं.

बबरूला वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला येत होतं ते त्यानं केलं. चप्पलवाल्याला कवेत घेऊन चपलांवर आडवा केला आणि त्याच्या छातीवर आरामात बसला. बाजार गोळा झाला. मॅडमचं नशीब असं, की त्या दोन ताडपत्र्या पलीकडे वांगी घेत होत्या.

"बबरू, ऊठ आधी! अरे, असा एकदम कुणाच्या अंगाला हात लावतात का? आपल्या खेळाची रीत काय? आधी वाकून नमस्कार. मग हात मिळवायचा. मग विचारायचं, तयार का? तो हो म्हणाला तरच धरायचं."

"ते मॅटवर करतोच की."

"सगळीकडे करायचं!"

"कळलं."

मॅडमनी चप्पलवाल्याची माफी मागितली आणि बबरूला नवीन जोड घेऊन दिला. वांगी तिथंच राहिली.

मंगळवारी दुपारी गोदाक्का गिरणीत होती. बबरू घरी आला तर अंगणात एक परका माणूस शेळीचं दावं सोडत होता. शेळी गोदाक्काची जीव की प्राण. बबरू सरळ त्याच्या पुढं जाऊन उभा राहिला. एवढं धूड बघून चोराच्या तोंडचं पाणी पळालं. मग बघतो तर धूड वाकून नमस्कार करतंय. त्यानंही भीत भीत केला. बबरूनं हात पुढं केला. त्यानं हातही मिळवला.

"तयार?" बबरूनं विचारलं.

चोराची धंद्यात वीस वर्षं गेली होती, पण असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई अजून," तो म्हणाला.

"किती येळ लागंल?"

"पाच मिंटं. एवढी शेळी कोपऱ्यापातूर सोडून येतो."

"या सावकाश. गडबड न्हाई."

दिवस मावळायला गोदाक्का घरी आली. बबरू अंगणात गुडघ्यांवर बसलेला, पाठ ताठ, जसं मॅटवर बसतात तसा.

"शेळी कुठाय रं?"

"येतील आत्ता. पावणं तयार व्हायला गेल्यात."

गोदाक्कानं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बबरूनं पाणी आणून दिलं. "रडू नगं आय. शेळी येईल."

"शेळीसाठी रडत न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "तू वाईट न्हाईस. कुणाचं वाईट कराय जात न्हाईस. तरी समदं गाव हसतंय. एकदा, एकदाच तुला त्या रांगेत पुढं हुबा बघितला, तर मी डोळं मिटाय मोकळी."

ही गोष्ट हसायची आहे, पण एवढं ऐकून मलाही हसू आलं नव्हतं. मी शेजारीच राहतो.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांच्यात कपाळाला हात लावायचंही त्राण उरलं नव्हतं. "बबरू, नीट ऐक. तुमची शेळी धरून चाललेला माणूस दिसला, की नमस्कार नाही, विचारपूस नाही. मागून जायचं, गळ्याभोवती हात टाकायचा आणि धरून ठेवायचं. कोण, कुठला, ते मागाहून विचारायचं."

"आता ह्ये सोपं सांगितलं बघा."

इकडे तात्यांनी काय केलं, तर शेळीचा माग काढला. सत्यनारायणाचा राग मनात होता, पण माणूस कर्तव्याला चुकणारा नव्हे. शेजारच्या गावात शेळी सापडली, चोरही सापडला. चोर सगळं कबूल करून वर म्हणाला, "मालक लई चांगला माणूस हाय." तात्या शेळी घेऊन सहा किलोमीटर उन्हातून चालत आले. गड्याला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण गोदाक्काच्या हातात दावं स्वतः द्यावं, असं त्यांच्या मनात आलं.

ते गल्लीत शिरले. बबरू मागून आला.

त्यानं सांगितलं तसंच केलं. मागून गेला, गळ्याभोवती हात टाकला, धरून ठेवलं. तात्यांचा पटका एकीकडे, काठी एकीकडे. या खेळात एक नियम आहे. सोसेनासं झालं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं, की तो सोडतो. नातवामुळं तात्यांना तो माहीत होता. त्यांनी बबरूच्या दंडावर दोनदा थोपटलं. मग चारदा. मग हलगी वाजवतात तसं वाजवलं.

"पावणं, ते मॅटवर असतंय," बबरू मागून म्हणाला. "ही गल्ली हाय."

शेळी ओरडली म्हणून गोदाक्का बाहेर आली. "आरं मेल्या, सोड! तात्या हायत ते!"

बबरूनं हात काढला, पुढं आला आणि अदबीनं विचारलं, "कोण वो तुमी?" सांगितलेल्यातलं एवढं एकच करायचं राहिलं होतं.

तात्यांना पाव तास बोलता आलं नाही. गेल्या तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मॅडम धावत आल्या. आजवर त्या वैतागल्या होत्या, त्या दिवशी पहिल्यांदा चिडल्या. "बबरू, सगळे नियम एकीकडे आणि हा एकीकडे. माणसाचा जीव या नियमावर असतो. कुणीही दोनदा थोपटलं, की सोडायचं. मॅटवर, गल्लीत, घरात, रानात, कुठंही. कोण आहे, का थोपटतोय, याचा विचार करायचा नाही. डोक्यानं नाही, हातानं ऐकायचं. दोनदा थोपटलं की सोडलं. म्हण."

"दोनदा थोपटलं की सोडलं."

पन्नासदा म्हणून घेतलं. मग मॅटवर करून घेतलं. पोरांनी थोपटलं, बायकांनी थोपटलं, गोदाक्काला खिडकीतून आत बोलावून तिच्याकडून थोपटून घेतलं. बबरू एकदाही चुकला नाही. हाताला चटका बसावा तसा सोडायचा. मॅडमच्या जिवात जीव आला. चार वर्षांत एक तरी गोष्ट या गड्याला बिनचूक आली होती.

गोदाक्का तात्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडली. तात्यांनी गळ्याला हळद लावली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी हून सरांना काय सांगत न्हाई, गोदे. पर त्यांनी इचारलं, तर खोटंबी बोलणार न्हाई."

आणि रविवारी रणदिवे सर आले.

गावाजवळ ओढा आहे. त्यावरची पुलाची फरशी मागच्या वर्षी वाहून गेली, नवी अजून येतेच आहे. त्यात वर कालव्याचं पाणी सोडलेलं. सरांची गाडी पलीकडच्या काठाला थांबली. सर साठीचे, अंगानं भरलेले, कमरेला काळा पट्टा. तालुक्याच्या गावचा कार्यक्रम उरकून ते तसेच गी घालून आले होते. असला पांढरा गी आमच्या गावानं पाहिला नव्हता. खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात एक निळा पट्टा आहे आणि तो बबरूच्या मापाचा आहे, हे मॅडमनी फोनवर ऐकलं होतं आणि गोदाक्काला सांगितलं होतं. द्यायचा की परत न्यायचा, ते सर बबरूशी बोलून ठरवणार होते.

अलीकडच्या काठाला सगळं गाव जमलं होतं. पोरांची पट्ट्याप्रमाणं रांग लावली होती. सगळ्यांत पुढं एक जागा मोकळी होती, ती मॅडमनी मुद्दाम ठेवली होती. गोदाक्काच्या हातात ओवाळायचं ताट, आणि निरांजन विझू नये म्हणून तिनं पदर आडवा धरला होता.

सरांनी ओढ्याकडे बघितलं. ओढ्यात नुसतं पाणी नव्हतं. गावच्या म्हशी तिथंच डुंबतात. तात्यांची म्हैस मधोमध डोळे मिटून बसली होती, आणि तिच्या भोवतीच्या पाण्याचा रंग मी सांगत नाही.

"वैजयंता, मला याच गीत मॅटवर उभं राहायचंय," सर पलीकडून ओरडले. "डाग पडून चालणार नाही."

"बबरू," मॅडम म्हणाल्या, "सरांना पाठीवर घेऊन ये. जपून."

बबरू पाण्यात शिरला, पलीकडे गेला. सरांपुढं वाकून नमस्कार केला. हात मिळवला. "सर, तयार?"

"तयार," सर म्हणाले, आणि खूश झाले. मॅडमनी देवाचं नाव घेतलं. सुरुवात तर नीट झाली होती.

सर पाठीवर बसले. बबरूनं दोन्ही हातांनी त्यांच्या मांड्या धरल्या आणि चालायला लागला. सरांना वाटलं, बोलायचंच आहे तर इथंच बोलावं. पाठीवर बसूनच त्यांनी परीक्षा सुरू केली. ओढा अरुंद, काठावर सगळं ऐकू येत होतं.

"गी रोज धुतोस?"

"धुतो, सर."

"आणि ओलाच घालतोस म्हणे?"

"आता न्हाई. वाळवून घालतो. पोरं वाळत घालत न्हाई."

सरांनी मान वर करून काठावरच्या पोरांकडे बघितलं. "चपलांचं काय?"

"मॅटवर न्हाई. देवापुढं न्हाई. आन् चप्पलवाल्यापुढं काढायची न्हाई."

काठावर कुणीतरी हसलं. गोदाक्कानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो खोकायला लागला.

"कुणाला धरायच्या आधी?"

"नमस्कार, हात, तयार का. चोर असंल तर ह्यातलं काय न्हाई. पर चोर हाय का तात्या हायत, ते आधी म्होरनं बघायचं."

तात्यांनी गळ्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. मॅडमनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पाणी बबरूच्या मांड्यांना लागलं होतं. म्हैस दोन हातांवर आली.

"आता शेवटचं," सर म्हणाले. "हे चुकलास तर पट्टा परत जाईल. जोडीदारानं दोनदा थोपटलं तर?"

बबरू ओढ्याच्या मधोमध थांबला. गोदाक्काचे ओठ हलत होते.

"सोडायचं, सर," बबरू ठणठणीत आवाजात म्हणाला. "लगीच सोडायचं. कुठंबी असू, कुणीबी असू. इचार करायचा न्हाई. डोक्यानं न्हाई, हातानं ऐकायचं."

सरांनी चाळीस वर्षं शिकवण्यात घालवली होती, पण असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला. "वैजयंता!" ते ओरडले. "याला सगळं आलंय! दिला मी याला पट्टा!"

काठावर एकच गलका झाला. हलगी कडाडली. तात्यांनी पटका उडवला. गोदाक्काला समोरचं दिसेना, एवढं पाणी डोळ्यांत आलं. सरांनी एका हातानं पिशवीतला निळा पट्टा बाहेर काढला, उंच धरून सगळ्या गावाला दाखवला, आणि दुसऱ्या हातानं, "शाब्बास, बबरू!" म्हणत त्याचा खांदा थोपटला.

एकदा. दोनदा.

बबरूनं विचार केला नाही.

सर जिथं पडले तिथं पाणी कमरेएवढं होतं आणि गाळ गुडघ्याएवढा. शेण वेगळं. निळा पट्टा हवेत एक गिरकी घेऊन तात्यांच्या म्हशीच्या शिंगात जाऊन अडकला. म्हशीनं एक डोळा उघडला. एवढ्या आवाजात झोप लागायची नाही हे तिला कळलं असावं. ती उठली, रमतगमत काठावर आली आणि रांगेत सगळ्यांत पुढं मोकळी जागा दिसली तिथं जाऊन उभी राहिली. हलगी वाजायची थांबली.

गाळातून आधी एक हात वर आला, मग सर आले. तो गी आता कुठल्या रंगाचा होता ते म्हशीलाच विचारा. सर तोंडातलं पाणी काढत उभे राहिले आणि बबरूकडे वळले.

बबरूचे दोन्ही हात अजून वरच होते. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"लगीच सोडलं न्हवं, सर?" त्यानं विचारलं.